जुने क्रोमबुक आईच्या मराठी टंकलेखनासाठी पुन्हा उभे करता येईल का?

टंकलेखिकेची लेक (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. घराला रंग द्यायचा म्हणून पोटमाळा रिकामा केला, तेव्हा भावाचे एसर सी७२० हे क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या क्रोम ओएस या प्रणालीवर चालणारा छोटा लॅपटॉप, हाती लागले. त्याने ते २०१४ साली महाविद्यालयात असताना घेतले होते. साडेअकरा इंचांच्या आसपासचा पडदा, सव्वा किलो वजन, २ जीबी मेमरी आणि १६ जीबी साठवण असे ते यंत्र आहे. चार्जर सापडला, दिवा लागला, पडदाही उजळला. परंतु क्रोम ओएस गहाळ किंवा खराब झाली आहे अशी सूचना येते आणि त्यापुढे काहीच होत नाही.

माझी आई जिल्हा परिषदेतून लिपिक-टंकलेखक म्हणून निवृत्त झाली. माझ्या आजोबांनी कीर्तनासाठी काढलेल्या टिपणांच्या नऊ वह्या आमच्याकडे आहेत आणि त्या टंकून घेण्याचे काम तिने मनावर घेतले आहे. मोबाइलवर तिचे मन रमत नाही आणि माझ्या लॅपटॉपला मी हात लावू देत नाही, हे मला मान्यच करावे लागेल. तिला हवे आहे ते इतकेच: कळफलक, मराठी लिहिता येईल असा शब्दसंस्कारक आणि लिहिलेले जपून ठेवण्याची सोय. या कामापुरते हे यंत्र उभे राहील का, आणि राहणार असेल तर सुरुवात कुठून करावी?

ऐरोली पूल

उभे राहील, पण आधी एक गोष्ट समजून घ्यावी. या मॉडेलला मिळणारे स्वयंचलित अद्ययावतीकरण २०१९ सालीच थांबले आहे. त्यामुळे मूळ प्रणाली पुन्हा बसवली तरी तिच्यातला ब्राउझर तेव्हाचाच राहील, आणि आजच्या अनेक संकेतस्थळांवर तो अडखळेल. म्हणजे शेवटी लिनक्स या मोफत प्रणालीवरच जायचे आहे. तरीही मूळ क्रोम ओएस एकदा चालू करून घ्यावी लागते, कारण नवे फर्मवेअर (यंत्र सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेला मूळ कार्यक्रम) लिहिणारी आज्ञावली चालू असलेल्या प्रणालीतूनच चालवता येते. ज्या प्रणालीला निरोप द्यायचा तिलाच आधी जिवंत करायचे, हा प्रकार थोडा विचित्र वाटतो खरा, पण पुष्कळ जण नेमके इथेच चुकतात आणि थेट लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून वाट पाहत बसतात.

दुसऱ्या संगणकावरच्या क्रोम ब्राउझरमध्ये क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी हे विस्तारक बसवावे, त्यात आपले मॉडेल निवडावे आणि ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर प्रत तयार करावी. मग क्रोमबुकवर एस्केप आणि रिफ्रेश दाबून ठेवून पॉवर दाबावे आणि पेनड्राइव्ह लावावा. हे दोनतीनदा करूनही शेवटी चूकच येत असेल, तर प्रणालीपेक्षा साठवणीचा संशय घ्यावा.

हिशेबी (वाशी)

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. दोन गाभ्यांचा १.४ गिगाहर्ट्‌झचा सेलेरॉन २९५५यू, बोर्डावरच झाळलेली आणि म्हणून न वाढणारी २ जीबी मेमरी, आणि दहा वर्षांहून जुनी बॅटरी. यावर साठवण आणि बॅटरी असा खर्च करण्यापेक्षा कार्यालयांतून निघालेला, दुरुस्त करून विकला जाणारा लॅपटॉप घ्यावा. त्यात मेमरी वाढवता येते आणि ही फर्मवेअरची सगळी उठाठेव टळते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे विंडोज ११ च्या अटींत न बसणारी बरीच चांगली यंत्रे बाजारात आलेली आहेत. लिनक्सच घालायचे असेल तर त्यावर घालावे.

टंकलेखिकेची लेक

हिशेबी, तुमचे गणित बरोबर आहे आणि भावाचेही हेच म्हणणे आहे. परंतु आईने हे यंत्र मांडीवर घेऊन पाहिले आणि तिला त्याचे वजन आवडले. शिवाय त्याचा कळफलक पूर्ण आकाराचा आहे आणि कळा दबल्याचे बोटांना कळते. बॅटरीसकट खर्च हाताबाहेर जाऊ लागला तर थांबेन. ब्राउझर तिला क्वचितच लागेल.

सोल्डर आणि सुई (नेरूळ)

मी बोर्डदुरुस्तीचे काम करतो, म्हणून प्रणालीच्या आधी शरीराबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट बॅटरीची. यंत्र सपाट टेबलावर ठेवावे. ते डुगडुगत असेल, किंवा टचपॅडच्या बाजूने झाकण वर आलेले दिसत असेल, तर चार्जिंग ताबडतोब बंद करावे. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबून बसवू नये आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्यावी. बॅटरी सपाट असेल पण चार्ज धरत नसेल, तर रात्रभर न ठेवता दिवसा, समोर राहून दोनतीन तास चार्ज करून पाहावे. फार खोल उतरलेली बॅटरी कधीकधी सावकाश उठते.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या हवेची. खाडीच्या दोन्ही काठांवर पोटमाळ्यात दहा पावसाळे काढलेल्या यंत्राच्या जोडण्यांवर हिरवट-पांढरा थर चढलेला असतो. खालचे झाकण तेरा स्क्रूंनी बसवलेले आहे आणि त्यातला एक स्टिकरखाली लपलेला असतो. बारा काढून झाकण ओढणारे लोक प्लॅस्टिकची कड तोडून माझ्याकडे येतात. आत गेल्यावर सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन साठवणीच्या पट्टीची सोनेरी टोके आणि खाच पुसावी. पंख्यातली धूळ फुंकून काढताना पाते बोटाने धरून ठेवावे.

टंकलेखिकेची लेक

आठवड्यानंतर लिहीत आहे. बॅटरी सपाट निघाली आणि अडीच तासांत भरलीही, त्यामुळे तो खर्च तूर्त वाचला. स्टिकरखालचा स्क्रू तुमच्यामुळे सापडला. मात्र रिकव्हरी तीनही वेळा अर्ध्यावर चूक देऊन थांबली. जोडणी पुसल्यावरही तेच झाले. म्हणजे ऐरोली पूल म्हणाले त्याप्रमाणे साठवणच गेली असावी. कोणती घ्यावी?

ऐरोली पूल

एम.२ प्रकारची, २२४२ मापाची आणि साटा जोडणीची. या तिन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. २२४२ म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ४२ मिलिमीटर लांब. दुकानांत सर्रास मिळते ती ८० मिलिमीटरची पट्टी या यंत्रात मावत नाही, आणि एनव्हीएमई प्रकारची पट्टी मापात बसली तरी ओळखली जात नाही. १२८ जीबी पुष्कळ झाली.

टंकलेखिकेची लेक

हे उत्तर मी दुकानात जाण्यापूर्वी वाचायला हवे होते. ठाणे स्थानकाजवळच्या एका दुकानात ‘एम.२ म्हणजे एम.२, सगळ्या सारख्याच’ असे ठामपणे सांगून मला लांब पट्टी देण्यात आली, ती अर्थातच खाचेत बसून दुसऱ्या टोकाने बॅटरीवर चढली. परत करताना बराच वाद झाला. शेवटी लॅमिंग्टन रोडला जाऊन ४२ मिलिमीटरची साटा पट्टी आणली. नव्या पट्टीवर रिकव्हरी पहिल्याच प्रयत्नात पूर्ण झाली आणि बऱ्याच वर्षांनी ते स्वागताचे पान दिसले.

ऐरोली पूल

छान. आता मुख्य निर्णय घ्यायचा आहे. पुन्हा त्याच तीन कळा दाबून रिकव्हरीच्या पडद्यावर यावे, कंट्रोल आणि डी दाबून एंटर करावे, म्हणजे यंत्र डेव्हलपर मोडमध्ये, म्हणजे दुसरी प्रणाली चालवू देणाऱ्या अवस्थेत, जाते. या वेळी यंत्रातील सर्व माहिती पुसली जाते. तुमच्याकडे पुसण्यासारखे काही नाही हे उत्तमच.

यापुढे दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत कंपनीचे फर्मवेअर तसेच ठेवून त्यातल्या सीबायोस या भागातून लिनक्स सुरू करतात. त्यासाठी झाकण उघडावे लागत नाही, म्हणून अनेकांना ती सोपी वाटते. परंतु दर वेळी यंत्र सुरू करताना इशाऱ्याचा पांढरा पडदा येतो, कंट्रोल आणि एल दाबावे लागते, आणि त्याच पडद्यावर स्पेस दाबली जाऊन पुढची सूचना कोणी मान्य केली, की डेव्हलपर मोड बंद होतो आणि लिनक्सकडे जाणारी वाट मिटते. शिवाय बॅटरी पूर्ण उतरली तर ही वाट खुली ठेवणारी नोंदही पुसली जाऊ शकते. ज्या व्यक्तीला केवळ लिहायचे आहे तिच्यासमोर असा पडदा रोज आणणे मला योग्य वाटत नाही.

दुसरी वाट म्हणजे मिस्टर क्रोमबॉक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाची आज्ञावली वापरून संपूर्ण यूईएफआय (साध्या लॅपटॉपांत असते त्या प्रकारचे) फर्मवेअर लिहिणे. त्यानंतर यंत्र साध्या लॅपटॉपसारखे सुरू होते, इशारा नाही, कळांची कसरत नाही. मात्र त्या फर्मवेअरवर क्रोम ओएस चालत नाही. आज्ञावली मूळ फर्मवेअरची प्रत पेनड्राइव्हवर घेण्याविषयी विचारते, तेव्हा ‘नको’ म्हणू नये. त्या प्रतीत याच यंत्राची ओळख नोंदलेली असते. ती प्रत आणखी दोन ठिकाणी ठेवावी. आणि हे काम चार्जर लावून, बॅटरीही भरलेली असताना करावे. वीज केव्हा जाईल हे सांगता येत नाही.

टंकलेखिकेची लेक

दुसरी वाट घेतली, पण आज्ञावली म्हणते की राइट प्रोटेक्ट, म्हणजे फर्मवेअरवर लिहू न देणारे कुलूप, चालू आहे. ते उठवण्यासाठी मी बोर्डावरचा एक स्क्रू काढला होता. चुकीचा काढला असावा का?

सोल्डर आणि सुई

बहुधा होय. सगळे स्क्रू वरून सारखेच दिसतात, फरक त्यांच्याखाली असतो. साध्या स्क्रूभोवतीचे धातूचे कडे अखंड असते; राइट प्रोटेक्टच्या स्क्रूखालचे कडे मधून चिरलेले, म्हणजे दोन भागांत तोडलेले असते. स्क्रू घट्ट बसला की त्याचे डोके हे दोन भाग जोडते, आणि तेवढ्याने फर्मवेअरच्या चिपला ‘माझ्यावर लिहू देऊ नकोस’ असा संकेत मिळतो. स्क्रू काढला की जोड तुटते. एवढ्या मोठ्या सुरक्षाव्यवस्थेची किल्ली एका स्क्रूच्या डोक्यात ठेवणाऱ्या अभियंत्याचे मला कौतुक वाटते: दूरवरून कोणी चोरटा कितीही हुशार असला तरी स्क्रूड्रायव्हर घेऊन घरात आल्याशिवाय त्याला काही करता येत नाही.

बोर्डावर बॅटरीची जोडणी सोडवून टॉर्चने एकेक स्क्रूखाली पाहावे. काम झाल्यावर तो पुन्हा बसवला तरी चालतो, पण पुढे फर्मवेअर अद्ययावत करायचे असेल तर पुन्हा उघडण्याचा त्रास नको म्हणून मी तो डबीत ठेवतो.

आणि समजा लिहिताना काही बिघडलेच, तरी यंत्र संपत नाही. आठ पायांच्या चिपवर चिमटा लावून बाहेरून प्रोग्रामरने फर्मवेअर लिहिता येते. सीएच३४१ए हा प्रोग्रामर स्वस्त मिळतो. फक्त त्याच्या काही काळ्या बोर्डांवर ३.३ व्होल्टच्या चिपला ५ व्होल्टचे संकेत जातात, तेवढे मीटर लावून तपासावे.

टंकलेखिकेची लेक

चिरलेले कडे सापडले. फर्मवेअर दोन मिनिटांत लिहून झाले, आणि ती दोन मिनिटे मी चार्जरची पिन हाताने धरून बसले होते. आता लिनक्स कोणते घालावे, एलएक्सक्यूटीचे की एक्सएफसीईचे (या पडद्यावरच्या मेनू-खिडक्यांच्या मांडण्या), यावर घरात भाऊ आणि मी यांच्यात मतभेद आहेत.

ऐरोली पूल

त्या मतभेदाला फारसा अर्थ नाही. एलएक्सक्यूटी आणि एक्सएफसीई यांच्या मेमरीच्या गरजेत जो फरक आहे, तो ब्राउझरचा एक जड टॅब उघडला की बुडून जातो. माझ्या मते डेबियन १३ हे लिनक्स आणि एक्सएफसीई घ्यावे, कारण डेबियनची स्थिर आवृत्ती बराच काळ बदलत नाही. सकाळी उठून मेनूची जागा बदलली आहे, असे आईला दिसू नये. चिप ६४ बिटांची असल्यामुळे अडचण नाही. जुन्या ३२ बिटांच्या नेटबुकवाल्यांनी मात्र लक्षात घ्यावे की डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या संगणकांसाठी इन्स्टॉलर दिलेलाच नाही. त्यांच्यासाठी अँटीएक्ससारखे पर्याय पाहावेत.

बसवून झाल्यावर झेडरॅम चालू करावे. त्यामुळे मेमरीतला न वापरला जाणारा भाग मेमरीतच दाबून, आकसून ठेवला जातो आणि २ जीबीचे यंत्र गुदमरत नाही.

रेफ आणि रफार (पाचपाखाडी, ठाणे)

धागा मराठी टंकलेखनाचा आहे आणि अजून त्याबद्दल कोणीच लिहिलेले नाही, म्हणून मध्ये पडतो. आईंनी कोणत्या कळपाटीवर काम केले आहे? जुन्या टंकलेखन यंत्रावरची रचना आणि इन्स्क्रिप्ट ही संगणकावरची प्रमाणित रचना यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

टंकलेखिकेची लेक

आई आधी गोदरेजच्या यंत्रावर शिकली आणि कार्यालयात संगणक आल्यावरही तिने तीच रचना चालू ठेवली. कळांवर मराठी अक्षरे नाहीत म्हणून मी चिकटपट्ट्या आणू का विचारले, तर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी विषय सोडून दिला.

रेफ आणि रफार

मग त्यांना इन्स्क्रिप्ट शिकवायला जाऊ नये. आयबस (लिनक्सवर वेगवेगळ्या भाषा टंकण्याची सोय) आणि त्याची एम१७एन ही जोडणी, तिच्या जास्तीच्या संग्रहासकट, बसवावी. मराठीसाठी तिथे इन्स्क्रिप्ट आणि गमभन यांच्याबरोबरच रेमिंग्टन आणि टाइपरायटर हेही पर्याय आहेत. दोन्ही लावून त्यांच्या हातात द्यावे. कोणती रचना आपली, हे डोळ्यांआधी त्यांची बोटे सांगतील.

दोन गोष्टी मात्र तपासून घ्याव्यात. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्याचा’ अशा शब्दांतला अर्धा र नीट येतो का, हे पाहावे. युनिकोडमध्ये तो नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडून मिळतो. साध्या र ला हलन्त जोडला तर पुढच्या अक्षरावर रफार चढतो, आणि ‘दुसर्‍या’ ऐवजी ‘दुसर्या’ उमटते. टंकलेखन यंत्रावर त्या चिन्हाची वेगळी कळ असे, त्यामुळे सुरुवातीला त्यांना हे खटकेल.

दुसरी गोष्ट ल आणि श यांची. काही फाँटांमध्ये या अक्षरांची हिंदी वळणाची रूपे आधी येतात आणि मराठी वळणाची रूपे आत दडलेली असतात. लिब्रे ऑफिस या मोफत शब्दसंस्कारकाच्या भाषेच्या मांडणीत संयुक्त (कॉम्प्लेक्स) लिपीसाठी मराठी निवडले, की फाँटमध्ये सोय असल्यास मराठी रूपे आपोआप येतात. लोहित मराठी हा फाँट घेतला तर तोही प्रश्न उरत नाही.

कार्यालयातल्या काळातल्या त्यांच्या जुन्या फाइली कुठे असतील, तर त्या बहुधा युनिकोडपूर्व फाँटांतल्या असतील. तो फाँट नसेल तर त्या लॅटिन अक्षरांचा काला दिसतात, आणि असला तरी त्यात शोध घेता येत नाही. त्यांना परिवर्तकातूनच काढावे लागते.

हिशेबी

मी माझे मत बदललेले नाही, पण एक उपयोगाची गोष्ट सांगतो. आईंना कधी कीर्तनाचे चित्रफीत-मुद्रण पाहावेसे वाटले, तर यूट्यूब सहसा व्हीपी९ किंवा एव्ही१ स्वरूपात पाठवते आणि या हॅसवेल पिढीच्या चिपमध्ये ती उलगडण्याची यंत्रणा नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा ओरडू लागतो. फायरफॉक्समध्ये एच२६४ हे जुने स्वरूप सक्तीने मागणारे विस्तारक घालावे आणि इंटेलचा जुना आय९६५ हा व्हिडिओ-चालक बसवावा. नवा चालक या पिढीला ओळखत नाही.

टंकलेखिकेची लेक

सर्वांचे आभार मानण्यापूर्वी प्रत्यक्षात काय झाले ते सांगते.

डेबियन बसवताना मराठी भाषा निवडली होती. आईने अर्धा दिवस मराठी मेनू वापरले आणि मग म्हणाली की तीस वर्षे ‘सेव्ह’ म्हटलेल्या गोष्टीला आता दुसरे नाव नको. मेनू इंग्रजीत ठेवले आणि लेखन मराठीत. टाइपरायटर या पर्यायावर तिची बोटे लगेच चालू लागली. फक्त दोनतीन चिन्हांच्या जागा वेगळ्या निघाल्या, त्या तिने कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवल्या आहेत. अर्ध्या र वरून थोडी कुरकुर झाली. ल बदलल्यावर ती पटकन म्हणाली, ‘हा आपला.’

क्रोमबुकवर डिलीटची कळच नाही हे आम्हाला तोवर जाणवले नव्हते. कीडी नावाची आज्ञावली घालून उजवी ऑल्ट आणि बॅकस्पेस मिळून डिलीट करून घेतले. झाकण मिटले की यंत्र झोपते आणि उघडले की उठते. रोज रात्री फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर आपोआप जाईल अशी व्यवस्था भावाने केली, कारण नवी असली तरी स्वस्त साठवणीवर त्याचा विश्वास नाही. पहिल्या वहीची चाळीस पाने टंकून झाली आहेत. बॅटरी साधारण साडेतीन तास टिकते आणि आईची बैठक त्याहून कमी असते.

घणसोलीचा वाचक

धागा वाचून उत्साह आला. माझ्याकडे २०१५ साली ऑनलाइन घेतलेले झोलो क्रोमबुक पडून आहे. यावरही हेच सर्व करता येईल का?

ऐरोली पूल

नाही, थांबावे. त्यात रॉकचिप कंपनीचा आरके३२८८ हा आर्म प्रोसेसर आहे. वर वर्णन केलेले संपूर्ण यूईएफआय फर्मवेअर केवळ इंटेल आणि एएमडीच्या क्रोमबुकांसाठी आहे. तुमच्या यंत्रावर मूळ फर्मवेअर तसेच ठेवून डेव्हलपर मोडमधून लिनक्स सुरू करावे लागेल. त्यासाठी अशा यंत्रांकरिता लिनक्स तयार करणाऱ्या पोस्टमार्केटओएस या प्रकल्पाच्या यादीत आपले मॉडेल शोधावे. आणि कोणाकडे याहून नवे, साधारण २०१८ नंतरचे इंटेल क्रोमबुक असेल, तर त्यात बहुधा चिरलेल्या कड्याचा स्क्रू सापडणार नाही. तिथे वेगळी सुरक्षा-चिप असते आणि बऱ्याच मॉडेलांत बॅटरीची जोडणी सोडवून, केवळ चार्जरवर यंत्र चालवून राइट प्रोटेक्ट उठवावे लागते. तुमचे यंत्र उघडण्यापूर्वी मॉडेलचे पूर्ण नाव इथे लिहावे.